पडद्याच्या पल्याडची डावरी

आत्या, तुम्ही बऱ्या आहात ना? गुडघा काय म्हणतो? मामंजींचा खोकला गेला का, की गिरणीतला कापूस अजून छातीत बसून आहे? पलीकडच्या घरातल्या काकी तुमच्या शेजारीच असतील. त्यांना आता नीट ऐकू येतं का, की अजूनही तुम्ही विचारता म्हशीचं आणि त्या सांगतात सुनेचं? तुमचा लेक तिकडे येऊन दोन पावसाळे झाले. त्यांना म्हणावं गोड जरा बेतानं खा, माझं जन्मात कधी ऐकलं नाही, आईचं तरी ऐकतील. आणि कपाळावर चांद असलेली आपली म्हैस? तिची खुशाली विचारली नाही तर तुम्ही म्हणाल, पत्र अर्धंच लिहिलं. आपल्या धम्मात वर स्वर्ग, खाली नरक असलं काही मानत नाहीत, गेलेलं माणूस कुठे जाऊन बसत नसतं, हे मीच तुम्हाला सून म्हणून आल्यावर तोऱ्यात सांगायची. तरी पत्र लिहायला घेतलं की खुशालीशिवाय पेन पुढे सरकत नाही. ही सवय तुमचीच. मुंबईला पत्र लिहायला मी बसले की तुम्ही चुलीपुढनं सांगायच्या, "आदी समद्यांची खुशाली इचार गो. एकेकाचं नाव घेऊन इचार. 'सगळे ठीक आसतील' आसं नको लिवूस, त्यात कोनच येत नाय."

इकडे मी बरी आहे. पाय ओढतात, पण चालतात. पत्राला कारण घडलं ते असं, की परवा दुपारी टीव्हीवर तुमचा पिक्चर लागला होता. त्याचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, 'माजा पिक्चर' एवढंच म्हणायच्या, आणि सगळ्या वाडीला कळायचं. काळा-पांढरा, मराठी. नवरा दूर परमुलखात कुठे कामाला गेलेला, मागे बाई आणि तिचं पोर. बाई दळते, राबते, पोराला भरवते, आणि एक दिवस दिव्याशी बसून नवऱ्याला पत्र लिहिते. एवढीच गोष्ट. पण तुम्ही ती सांगायला लागल्या की लावणीच्या चिखलात बायकांचे हात थांबायचे.

मी लग्न होऊन पोलादपूरकडच्या त्या वाडीवर आले तेव्हा पिक्चरांचं गाठोडंच घेऊन आले होते. महाडात आमचं घर चवदार तळ्यापासून हाकेवर, आणि मामा टॉकीजच्या दाराशी तिकिटं फाडायला. हाऊसफुल नसेल त्या दिवशी तो मला आणि आईला आत सोडायचा, अगदी पुढे, पडद्याच्या नाकाखाली. मान मोडून मोडून मी किती पिक्चर पाहिले त्याला गणती नाही. सातवीनंतर शाळा सुटली, पण पिक्चर सुटले नाहीत, आणि पुडीच्या कागदावरचं वाचणं सुटलं नाही. त्या दोन गोष्टींवरच मी शिकले म्हणा. मला वाटायचं, या डोंगरातल्या बायांना मी काय काय सांगीन! सांगितलंही. गाणी म्हणून दाखवली, खलनायकाचं हसू काढून दाखवलं. बायका हसायच्या, वा वा म्हणायच्या, आणि मग कोणीतरी हळूच म्हणायचं, "आत्ये, तुमचा तो सांगा की." माझे शंभर एका बाजूला, तुमचा एकच एका बाजूला, आणि काटा तुमच्याकडे. नाकापेक्षा मोती जड झालेला मला तेव्हा कळला नाही, नुसतं टोचत राहिलं.

तुम्ही तो पाहिला होता माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, गावच्या जत्रेला. मुंबईकरांनी मशीन आणलं होतं आणि जनरेटर. देवळापुढच्या अंगणात दोन बांबूंना पडदा बांधला होता, धोतरासारखा पातळ. अंगणात वरच्या वाडीची माणसं बसली. आपली माणसं पडद्याच्या पल्याड, कापणी झालेल्या शेतात, खुंट टोचतात म्हणून पोती अंथरून. कोणी हाकललं नव्हतं, कोणी या म्हटलंही नव्हतं. वर्षानुवर्षं जसं बसायचे तसे बसले. पातळ पडद्यातून चित्र आरपार यायचं, आवाज काय, सगळीकडे सारखाच. फक्त पल्याडून पाहणाऱ्याला डावं ते उजवं दिसायचं आणि उजवं ते डावं. पडद्यावर नावं यायची ती उलटी यायची. पण ज्याला नाव वाचताच येत नाही त्याला ते सुलटं काय आणि उलटं काय.

आणि म्हणून तुमच्या पिक्चरातली बाई डावरी होती. डाव्या हाताने पोराला भरवायची, डाव्या हाताने पत्र लिहायची.

तुम्ही स्वतः डावऱ्या. तुमच्या मनगटावर उलथन्याच्या चटक्याचा डाग होता, तुमच्याच आईने दिलेला, हात सुधारावा म्हणून. हात काही सुधारला नाही. भातकापणीला तुम्हाला कडेला उभं करायचे, विळे एकमेकांना लागतात म्हणून. लग्नकार्यात वाढायला तुम्हाला कधी उठू दिलं नाही. तुम्ही मागे बसून भाजी चिरून द्यायच्या, कांद्याचा ढीग संपवायच्या, आणि वाढणाऱ्या बायका तुमच्या हातची भाजी मिरवत न्यायच्या. लोक सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणतात. तुमची सगळी अवघड कामं त्याच हाताने झाली, आणि त्याचा मळ तेवढा लोकांनी पाहिला. त्या जत्रेत तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत, की एवढी मोठी पिक्चरातली बाई, पदर कसा चापून-चोपून, आणि ती डाव्या हाताने घास भरवतेय, आणि कोणी तिला नावं ठेवत नाही. सासू नाही ठेवत, गाव नाही ठेवत. "उलट लोकं रडत व्हती गो तिच्यासाटी," तुम्ही सांगायच्या. "वरच्या वाडीची बी रडत व्हती. माला पल्याडनं हुंदकं ऐकू यायचं."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की माझी सासू पल्याडून पाहिलेला एक पिक्चर रंगवून सांगते.

आणीबाणी उठली, त्यानंतर गावोगाव मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायचे वर्ग निघाले. आपल्या वाडीत सातवी शिकलेली बाई मी एकटी, तेव्हा वर्ग माझ्याकडे आला. भांडी घासून झाली की दुपारी आपल्या पडवीत बायका बसायच्या. पाट्या आल्या, पेन्सिली आल्या, आणि माझ्या अंगात मास्तरीण आली. उथळ पाण्याला खळखळाट फार. तुम्ही पहिल्या दिवसापासून यायच्या. कशासाठी, ते तुम्ही आधीच सांगून टाकलं होतं, "माज्या लेकाला माज्या हातानं पत्र लिवायचंय. तू चांगलं लिवतेस गो, पन मी 'जेवलास का' सांगितलं की तू 'प्रकृतीची काळजी घेणे' लिवतेस. तो घाबरतो, कुनीतरी आजारी हाय म्हनून."

ती दुपार मला अजून उन्हासकट आठवते. मी फळीवर 'ग' काढला आहे. गवताचा ग. तुम्ही पाटी मांडीवर घेऊन, जीभ दातात धरून, डाव्या हाताने काढताय. मी वाकून पाहते. ग आलाय, चांगला ठसठशीत आलाय, पण उलटा. दांडी अलीकडे आणि पोट पलीकडे. मी हसले. बायकाही हसल्या, आणि तुम्हीही हसलात, म्हणजे तिथपर्यंत सगळं गोडीत होतं.

"आत्या, पेन्सिल उजव्या हातात धरा."

"उजवा माजा मुका हाय गो. डाव्याला बोलता येतं."

पुन्हा हशा. मी तुमच्या हातातली पेन्सिल काढून दुसऱ्या हातात दिली. तुम्ही धरली, लाकूड धरावं तशी. एक रेघ ओढलीत, ती पाटीबाहेर गेली. पेन्सिल पुन्हा डाव्या हातात आली.

"डाव्याने अक्षर येत नसतं, आत्या. उलटं येतं, आणि तळव्याने पुसतं."

"येत नाय कसं? माज्या पिक्चरातली बाय लिवते की. आख्खं पत्र लिवते. दिवा आसा हितं, कागूद आसा मांडीवर, आनि डाव्या हातानं..." आणि तुम्ही सांगायला लागलात. दिव्याची वात, पोर पलीकडे निजलेलं, बाईच्या डोळ्यातलं पाणी कागदावर पडतंय आणि ती ते पदराने टिपून तिथेच पुढचा शब्द लिहितेय. एकेक करून बायकांनी पाट्या खाली ठेवल्या. माझ्या वर्गात, माझ्या फळीला पाठ करून, सगळ्या तुमच्याकडे तोंड करून बसल्या.

मी म्हणाले, "ती डावरी नाही."

कोणी ऐकलं नाही. मग मी मोठ्याने म्हणाले. तोंडातून सुटलेला शब्द मागे घेता येत नाही म्हणतात, पण मी तर तो दोनदा सोडला. "ती डावरी नाही, आत्या. मी तो पिक्चर महाडात पाहिलाय, टॉकीजमध्ये, समोरून. माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय, ती उजव्या हाताने लिहिते. तुम्हाला पडद्याच्या मागे बसवलं होतं. मागून सगळं उलटं दिसतं."

पलीकडच्या काकींना ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी विचारलं, "काय म्हनते?" आणि त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यातल्या निम्म्या बायका त्या जत्रेत तुमच्याबरोबर त्याच पोत्यांवर बसलेल्या. मी एकट्या तुम्हाला बोलले असं मला वाटलं होतं, पण बोलले ते त्या सगळ्यांना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर आज हे पत्र लिहायला बसले नसते. दळण अर्ध्यावर असताना जात्याचा खुंटा हातात यावा तशा पाहत राहिलात. मग पाटीवरचा ग तळव्याने पुसलात आणि म्हणालात, "म्हशीला पानी दाखवायचं रायलं." म्हशीला पाणी तुम्ही सकाळीच दाखवलं होतं.

त्यानंतर तुम्ही वर्गाला आला नाहीत. मी बोलवायला आले की तुमच्या हातात कसलं ना कसलं काम असायचं. पत्र पुन्हा मीच लिहायला लागले. तुम्ही सांगायच्या, मी लिहायची. आता मी 'जेवलास का' असंच लिहायची, तसंच्या तसं. पण तुम्हीच हळूहळू कमी सांगायला लागला होतात.

मे महिन्यात हे मुंबईहून आले, तेव्हा मी त्यांना हसत हसत सांगितलं, म्हटलं, तुमच्या आईला काय काय वाटायचं बघा. ते हसले नाहीत. म्हणाले, "मला ठाऊक हाय. आमाला सगळ्यांना ठाऊक हाय. वाडीत ज्याला ज्याला वाचता येतं त्या सगळ्यांना. पडद्यावर पयलं नाव आलं तेच उलटं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी माझ्या पायावर पाय दिला, जोरात. म्हनाले, तिकडं बघ. मी आईकडं बघितलं. तू तिचं तोंड बघितलं असतंस तर तूही गप बसली असतीस." मग थोड्या वेळाने, अंगणात जाता जाता, "एवढी वर्षं सगळ्यांनी मिळून सांभाळलं होतं गो ते," एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. तुम्ही मायलेक रागावत नाही, हीच माणसाला मोठी शिक्षा.

त्या पावसात मला ताप आला. वाट बंद, ओढे तुडुंब, डॉक्टर महाडात. तुम्ही माझ्या उशाशी बसून. पेज केलीत, तिला थोडं मीठ, आणि चमचा उजव्या हातात धरलात. त्या मुक्या हातात. माझ्या ओठांपर्यंत यायच्या आत अर्धी पेज हनुवटीवर सांडायची, गळ्याखाली ओघळायची. तुम्ही पुसायच्या आणि पुन्हा उजव्या हातानेच भरवायच्या. सगळ्या लेकरांना ज्या हाताने भरवलंत तो हात मांडीखाली दाबून ठेवला होतात, खोडकर पोराला बसवावं तसा. तापातही मला ते दिसलं. "आत्या, डाव्याने भरवा" असं म्हणायला तीन शब्द लागतात. माझ्या जिभेला सगळ्या गावाला शिकवायला बळ होतं, या तीन शब्दांना नव्हतं. मी डोळे मिटून घेतले आणि सांडेल तेवढी सांडू दिली.

मग मला एक शहाणपण सुचलं. जिथे मोडलं तिथेच सांधावं म्हणतात ना. दोन-तीन वर्षं गेली असतील, आणि पोलादपूरच्या स्टँडवर मला पोस्टर दिसलं. तुमचा पिक्चर महाडच्या टॉकीजमध्ये पुन्हा लागला होता, दुपारच्या खेळाला. तेव्हा जुने पिक्चर असे फिरून यायचे, माहेरवाशिणीसारखे. मी ठरवलं, आत्यांना न्यायचं. समोरून दाखवायचा, मानाने, खुर्चीवर बसवून. माझ्या मनाने हे प्रायश्चित्त होतं. तुम्ही नको म्हणाला नाहीत. ठेवणीतलं लुगडं नेसलात. एसटीत खिडकीशी बसलात, सावित्री दिसली तेव्हा म्हणालात, "किती गो पानी आटलंय." मी मनात म्हटलं, झालं, आत्या मोकळ्या झाल्या.

टॉकीजमध्ये तुम्ही पाय वर घेऊन खुर्चीत मांडी घालून बसलात. पंखा गरगरत होता. पडद्यावर नावं आली, सुलटी, आणि मी तुमच्याकडे पाहिलं नाही. बाई आली. दळली. पोराला जवळ घेतलं आणि घास उचलला. उजव्या हाताने. तुम्ही माझ्या कानाशी आलात.

"पल्याड कोन बसलंय गो?"

"कुठे पल्याड?"

"ह्या पडद्याच्या."

"तिथे भिंत आहे, आत्या. पल्याड कोणी नसतं."

"म्हंजी तिकडनं कोनच बगत नाय?"

"नाही."

तुम्ही पुन्हा पडद्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "मंग ती डावरी आसंल तरी कुनाला दिसायची?"

पत्राचा प्रसंग आला तेव्हा मी अंधारात तुमचा हात शोधला. तुम्ही दिलात. पण पडद्याकडे नाही, दाराच्या लाल दिव्याकडे पाहत होतात. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी उसाचा रस पाजला. "कसा वाटला?" माझ्याने विचारल्याशिवाय राहवलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"चांगला हाय," तुम्ही म्हणालात. पदराने तोंड पुसलंत, ग्लास परत दिलात. "पन माजी बाय ह्यात नाय."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. पुढे आपल्या वाडीतल्या पोरांनी भीमजयंतीला स्वतःचं मशीन आणलं, स्वतःचा पडदा, आपल्या विहारापुढे, आणि पिक्चर तुमचाच. कोणाच्या देवळापुढे नाही. केवढा आनंद होता! पडद्यापुढे चटया अंथरल्या होत्या, सगळ्यात पुढे म्हाताऱ्यांसाठी. तुम्ही आलात, तुमचं पोतं काखेत, आणि सगळ्यांच्या समोरून चालत जाऊन पडद्याच्या पल्याड बसलात. एकट्याच.

एक पोरगं धावत गेलं. "आजी, हितं या की पुढं! आता कोन मागं बसवतंय तुमाला?"

"माला कोनी बसवलं नाय रे. माजी मी बसले."

त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकाठची लेक. पाण्याला हात लावायला गेलेल्यांत माझे आजोबा होते, हे आमच्या घरात बाळाला झोपवताना सांगायचे. मागे बसायचं नाही, हे मला अक्षराच्या आधी शिकवलेलं. ते पोरगं बरोबर होतं, आत्या. आजही मी म्हणेन ते बरोबर होतं, त्याचे डोळे भरून आले होते. पण तुम्ही तिथे का बसला होतात ते, टॉकीजबाहेरचं तुमचं बोलणं ऐकलेल्या मला एकटीलाच ठाऊक होतं. मी उठून दोन शब्द बोलले असते, की बसू द्या रे, त्यांची एक ओळखीची बाई तिकडून दिसते, तर पोरं हसली असती आणि बसू दिलं असतं. मी उठले खरी. पण लोक काय म्हणतील म्हणून तुम्हाला हाताला धरून पुढे आणलं. तोच हात धरला, चटक्याचा. तुम्ही आलात. चटईवर बसलात. पिक्चर सुरू झाल्यावर मी पाहिलं तर तुम्हाला डुलकी लागली होती, किंवा तुम्ही तसं दाखवत होतात. त्यानंतर तुम्ही पिक्चर पाहिला नाहीत, आणि कोणी सांगा म्हटलं तर "इसरले गो" म्हणायच्या. तुमच्यासारखी बाई ती गोष्ट विसरेल? वाडीने विश्वास ठेवला. मी नाही ठेवला, पण खोडूनही काढला नाही.

तर परवाची गोष्ट. दुपारी घरात मी आणि नात. ती खाली फरशीवर पसरून वहीत लिहीत होती. डाव्या हाताने लिहिते हो ती, तुमचंच रक्त. शाळेत कोणी काही म्हणत नाही. मी तर नाहीच. टीव्हीवर तुमचा पिक्चर लागला आणि मी बंद करायला उठले. उठले तर समोर कपाटाचा आरसा. त्यात टीव्ही दिसत होता, त्यात ती बाई दिसत होती, आणि तिने घास उचलला.

डाव्या हाताने.

मी तशीच खुर्ची फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले. नात म्हणाली, "आजी, तू उलटी काय बसलीस?" म्हटलं, "तुझ्या पणजीचा पिक्चर असाच बघतात." तिने आरशात पाहिलं, मग मागे वळून टीव्हीत पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं, आणि आपली लिहायला लागली. मी सबंध पाहिला, आत्या. दिवा होता, कागद मांडीवर होता, पोर निजलेलं होतं. तुम्ही सांगितलं होतंत त्यात एका शब्दाचीही चूक नव्हती. तुमची बाई आहे. कुठे गेलेली नाही.

आता एक राहिलं, ते सांगते आणि संपवते. त्या दुपारी पडवीत मी म्हणाले होते, की माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय, ती उजव्या हाताने लिहिते. मी पाहिलं नव्हतं. म्हणजे पिक्चर पाहिला होता, पुढे बसून पाहिला होता, पण तिचा हात मला आठवत नव्हता. उजव्या हाताकडे कोण बघतं? तुम्ही पडद्याच्या पल्याड बसला होतात एवढं मला ठाऊक होतं, त्यावरून तिथल्या तिथे हिशोब मांडला आणि डोळ्यांची शपथ घेऊन सांगितलं. हिशोब बरोबर निघाला, म्हणून मला कोणी खोटं म्हटलं नाही. पण त्या बाईचा हात खराखुरा पाहिलेलं माणूस त्या पडवीत एकच होतं, आणि मी त्यालाच गप्प केलं.

पाकिटावर पत्ता काय घालायचा ते कळत नाही, तेव्हा पत्र कपाटातच राहील, आरशाच्या आतल्या अंगाला. मामंजींना, काकींना, तुमच्या लेकाला एकेकाचं नाव घेऊन नमस्कार सांगा. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवा. आणि उत्तर लवकर धाडा, आत्या. कोणाकडून लिहून घेऊ नका, तुमच्या हातानेच लिहा, ज्याला बोलता येतं त्याने. तळव्याने पुसलं तरी मी लावून घेईन. अक्षरं उलटी आली तरी येऊ द्या. आरसा आहे घरात.